लाइक पाचशे, गिऱ्हाईक दोन

पत्र:

‘मी अमळनेरला राहते. एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलंय, घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे क्लास घेते. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने चित्रं काढते: कानबाई (खान्देशात श्रावणात बसवतात ती देवी), आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, तापीचा काठ, केळीच्या बागा. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर टाकतेय. एकेका चित्राला चारशे-पाचशे लाइक येतात, लोक “अप्रतिम” म्हणतात, “किंमत?” विचारतात. मी मेसेज केला की पुढे गप्प. आतापर्यंत दोनच चित्रं गेली. त्यातलं पुण्याला मे महिन्यात कुरियरने पाठवलेलं चित्र परत आलं, रंगावर बबल रॅपचे गोल ठसे उमटले होते. पैसे परत द्यावे लागले. आता एक जण ८,००० रुपयांत पेज बूस्ट करून (पैसे भरून जास्त लोकांना दाखवून) देतो म्हणतोय, मिस्टर म्हणतात वेबसाइट काढू, मैत्रीण म्हणते अ‍ॅमेझॉनवर टाक. माझ्याकडे जीएसटी नंबर नाही. कशापासून सुरुवात करू?’

– एक वाचक, अमळनेर

ताई,

आठ हजार रुपये कोणालाही देऊ नका. तुमची चित्रं लोकांना दिसत नाहीत अशी अडचणच नाही. पाचशे जणांना ती दिसतात आणि आवडतातही. अडतं ते त्यानंतर. चित्र आवडलेल्या माणसाच्या मनात चार प्रश्न येतात: केवढं आहे, केवढ्याला आहे, घरी नीट पोचेल का, नाही पोचलं तर काय. यातल्या एकाचंही उत्तर जागेवर मिळालं नाही की तो अंगठा वर सरकवतो आणि पुढच्या पोस्टवर जातो. बूस्ट केल्याने असे सरकणारे अंगठे फक्त वाढतील.

पहिलं काम किमतीचं. ‘किंमत मेसेजमध्ये सांगते’ हे बंद करा. माणूस सगळ्यांसमोर विचारतो आणि उत्तर चार तासांनी खासगीत येतं. तोवर त्याची हौस निवलेली असते आणि तोंड बघून भाव सांगतात की काय, अशी शंकाही येते. प्रत्येक पोस्टखाली हे लिहा: ‘आखाजीचा झोका. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक. १२ × १६ इंच, लाकडी चौकटीवर ताणलेलं, बाहेरची फ्रेम नाही. ३,२०० रुपये, महाराष्ट्रात टपालखर्चासह. एकच प्रत. पैसे जमा झाल्यावर तीन दिवसांत रवाना.’ चित्र विकलं गेलं की पोस्ट काढून टाकू नका, वरच्या ओळीत ‘विकलं गेलं’ एवढं घाला. इथे लोक खरोखर घेतात, हे नव्या माणसाला त्यातूनच कळतं.

३,२०० हा आकडा आम्ही असा काढला. ताणलेला कॅनव्हास ४५०, रंग २५०, अकरा तासांची मेहनत तासाला १५० रुपयांनी १,६५०, पॅकिंग २००, टपाल २५०. एकूण २,८००. त्यावर पंधरा टक्के धरले तर ३,२२० होतात. हे पंधरा टक्के बिघडलेल्या कॅनव्हासचे, वाळून गेलेल्या ट्यूबचे आणि परत येणाऱ्या पार्सलचे आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण तासांचे पैसे धरायचं टाळू नका. घरबसल्या काम करणाऱ्या बायका नेमके तेवढेच सोडून देतात आणि मग एका चित्राच्या नफ्यात पुढचा कॅनव्हाससुद्धा येत नाही. पॅकिंग-टपाल वगळून १९२ चौरस इंचाला २,७५० रुपये पडले, म्हणजे चौरस इंचाला साधारण १४. याच दराने ८ × १० इंचाचं चित्र ११२० रुपयांना बसेल. तिथे दर १८-२० करा, कारण चित्र लहान झालं म्हणून विचार आणि रेखाटन लहान होत नाही. २४ × ३६ ला उलट ११-१२ लावा, नाहीतर भाव आवाक्याबाहेर जाईल. आणि दर सगळ्यांना एकच. ओळखीतल्या कोणाला तेच चित्र निम्म्यात दिलं तर ज्यांनी पूर्ण पैसे मोजले त्यांना ते कधीतरी कळतंच. नातेवाइकांना काही द्यायचंच असेल तर सोबत एखादं छोटं रेखाटन द्या.

आता फोटो. घरातले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि घरातला पिवळा, दोन्ही मिसळले की कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि ‘फोटोत वेगळा रंग होता’ ही तक्रार येते. सकाळी आठ-साडेआठला ओट्यावर सावलीत, ऊन थेट पडणार नाही अशा ठिकाणी चित्र उभं करा. उजेड एका बाजूने येत असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा धुतलेली चादर धरा. फोन चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर आणि चित्राला समांतर हवा. जवळ जाऊन काढू नका. चार-पाच फूट मागे सरका आणि २ पट झूम वापरा. जवळून काढलं की भिंगामुळे कडा फुगतात आणि चौकट वाकडी दिसते. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या, मग रंग दुरुस्त करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंतच फिरवायचं. फिल्टर अजिबात नको.

एका चित्राचे चार फोटो आणि एक व्हिडिओ पुरतो. समोरून अख्खं चित्र, ब्रशचा पोत आणि सही दिसेल असा जवळचा तुकडा, कड आणि मागची बाजू, भिंतीवर टांगलेलं आणि खाली खुर्ची. खुर्चीवरून आकार लगेच कळतो, नुसतं ‘१२ × १६’ वाचून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. व्हिडिओ आठ-दहा सेकंदांचा, हातात धरून थोडं हलवून. त्यात चकाकी किती आहे ते दिसतं.

गिऱ्हाईक कोण, यावर तुमच्या पत्रात एक शब्द नाही आणि आम्हाला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कानबाई कोण हे सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. पण पुण्यात, नाशकात, मुंबईत आणि सुरतेत स्थायिक झालेल्या खान्देशी घरांना ते सांगावं लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्यांच्या घरी नारळाची कानबाई बसते, रोट होतात, त्यांच्या दिवाणखान्यात हे चित्र आपसूक शोभतं. तुमचा पहिला बाजार हाच. म्हणून कानबाईची चित्रं सणाच्या दिवशी टाकू नका, सहा आठवडे आधी टाका. दोन आठवडे लोकांना ठरवायला, एक पैशांना, एक पॅकिंगला, एक टपालाला आणि एक काहीतरी चुकलं तर हाताशी. आखाजीचंही तेच गणित. पोस्टमध्ये अहिराणीतली एखादी ओळ घाला, हॅशटॅगमध्ये खान्देश, अहिराणी, कानबाई हे शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हींत लिहा. जगभरच्या ‘आर्ट’ हॅशटॅगमध्ये तुमचं चित्र एका मिनिटात खाली जातं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, शक्यतो वेगळ्या नंबरवर. त्यातल्या कॅटलॉगमध्ये चित्र, आकार, किंमत भरून ठेवा आणि इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये तीच लिंक द्या. ‘टपालाला किती दिवस लागतात’, ‘फ्रेम करून मिळेल का’ अशा रोजच्या प्रश्नांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. तेव्हा विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला सांगा. महिन्याला दोन मेसेज, त्याहून जास्त नाही. इन्स्टाग्रामवर वरती तीन पोस्ट पिन करता येतात. एकीत ‘विकत कसं घ्यायचं’, दुसरीत पॅकिंगचा व्हिडिओ, तिसरीत आत्ता उपलब्ध असलेलं सगळ्यात चांगलं चित्र. एवढं सगळं जागेवर आलं आणि तरी पैसे खर्चायचे असतील तर स्वतःच करा: जी पोस्ट लोकांनी सेव्ह आणि शेअर जास्त केली ती निवडा, उद्देश ‘मेसेज’, शहरं पुणे, नाशिक, सुरत, दिवसाला २०० रुपये, पाच दिवस. हजारात काय येतं ते कळेल.

ते बबलचे ठसे. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिकच असतं आणि उन्हाने मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास, बंद गाडीत आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. मऊ झालेल्या रंगावर बबल रॅप दाबून बसला की त्याचा साचा उठणारच. काही वेळा रंग चिकटून सोलूनही येतो. म्हणून रंगाला प्लास्टिक कधीच लागू द्यायचं नाही. क्रम असा ठेवा. चित्र पूर्ण झाल्यावर किमान दोन आठवडे वाळू द्या. वरून सुकलेला जाड थर आत ओला असतो. मग ग्लासीन पेपर (गुळगुळीत, सहसा न चिकटणारा कागद), तो न मिळाल्यास सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर गुंडाळा. मेणकागद नको, मेण वितळून रंगात उतरतं. वर्तमानपत्र तर नकोच, शाई उठते. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड कोन बसवा आणि त्या कोनांवर टेकेल असा पुठ्ठा समोर ठेवा, म्हणजे पुठ्ठा आणि रंग यांच्यात हवा राहते. मागेही एक पुठ्ठा. त्याच्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. मग खोकं, आणि कडांना चारही बाजूंनी दोन इंच मोकळी जागा, तिथे चुरगळलेला कागद ठासून. हलवल्यावर आत काही सरकलं नाही पाहिजे.

पुठ्ठा पाच थरांचा घ्या. जळगाव-रावेर पट्ट्यात निर्यातीच्या केळीसाठी खोकी बनतात, अशा पुठ्ठेवाल्यांकडून कोरे ताव किलोवर किंवा नगावर मिळतात का विचारा. वापरलेली केळीची पेटी मात्र घेऊ नका. तिला हवेसाठी भोकं असतात आणि ओल पिऊन तिची ताकद गेलेली असते. खोक्याचं माप आधी ठरवा, कारण कुरियरवाले बहुधा आकारमानावर पैसे लावतात: सेंटिमीटरमध्ये लांबी × रुंदी × उंची भागिले ५,०००. १६ × २० × ५ इंचांचं खोकं हलकं असलं तरी सव्वापाच किलो धरलं जातं. जाडी ३ इंचांवर आणली की तेच तीन-सव्वातीन किलो होतं. जाडी वाचवा, कडेची जागा वाचवू नका. टपालाचा दरही तुमचं खोकं दाखवून आधीच विचारून घ्या.

मोठं चित्र चौकटीवरून उतरवून गुंडाळून पाठवता येतं. रंगाची बाजू बाहेर ठेवायची; आत ठेवली तर थर दाबला जाऊन सुरकुत्या पडतात. गुंडाळायला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, शेतीच्या पाइपांच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात. त्याहून बारीक नळीवर रंगाला ताण बसतो. त्यावर चित्र, त्यावर ग्लासीन, आणि हे सगळं आणखी मोठ्या नळीत किंवा लांबट खोक्यात. डिसेंबरात दिल्लीकडे पाठवताना खोक्यावर लिहा की पार्सल उघडण्याआधी एक दिवस घरात ठेवा, थंडीत अ‍ॅक्रिलिक कडक होतं आणि उलगडताना तडकू शकतं. तैलचित्र गुंडाळायचं नाही. काचेची फ्रेम पाठवायची नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आत टाका. आणि पार्सल सोमवार-मंगळवारी द्या, शुक्रवारी दिलेलं रविवारी गोदामात तापत पडतं.

परतीचा नियम आधीच लिहून ठेवा: प्रवासात नुकसान झालं तर ४८ तासांत, खोकं उघडतानाच्या अखंड व्हिडिओसह कळवावं, पैसे किंवा दुसरं चित्र, ‘भिंतीला जुळलं नाही’ याला परत नाही. तुम्हीही बंद करतानाचा व्हिडिओ ठेवा. महागाच्या चित्राचा टपालात विमा उतरवता येतो.

जीएसटीबद्दल नीट समजून घ्या, इथे चुका होतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल गेला की एरवी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची असते, आणि नवापूर ओलांडून सुरतेला गेलेलं चित्रही राज्याबाहेरच. पण हस्तकलेच्या वस्तूंना यातून सूट आहे आणि अधिसूचित यादीत हाताने काढलेली चित्रं येतात. उलाढाल २० लाखांच्या आत आणि पॅन कार्ड असेल तर सुरतेच्या गिऱ्हाइकाला तुम्ही थेट विकू शकता. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. या सवलतीत राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला, किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल नेण्याचं ऑनलाइन कागदपत्र) काढावं लागतं. डाक खात्यामार्फत जाणाऱ्या टपालाला ते लागत नाही, म्हणून परराज्यात स्पीड पोस्ट सोपं. दुसरं, ही सूट मूळ चित्राची आहे, छापलेल्या प्रिंटची नाही. प्रिंट नोंदणी होईपर्यंत राज्यातच विका. एकदा सीएला हे सगळं दाखवून घ्या.

अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी नोंदणीशिवाय विकायचं झालं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ते शक्य आहे, पण फक्त स्वतःच्या राज्यात आणि जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन. देशभर विकायला नोंदणीच लागेल. आमचं मत विचाराल तर एकेकच असलेल्या चित्रासाठी ते दुकान बरोबर नाही. तिथे लोक वीस रुपयांनी स्वस्त काय ते बघतात. आधी प्रिंट सुरू करा. लाइक करणाऱ्या पाचशेंपैकी बहुतेकांना ३,२०० जड जातात, ४००-५०० जात नाहीत. ए४ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, चांगल्या फोनच्या १२ मेगापिक्सेलमध्ये ते बसतं. ए३ साठी कॅमेरा किंवा स्कॅन हवा. कागद २५०-३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), आम्लविरहित. २५ प्रती ठरवा, पेन्सिलीने १/२५ असा क्रमांक आणि सही करा, आणि सव्विसावी कधीच छापू नका. वेबसाइट वीस-पंचवीस चित्रं विकली गेल्यावर काढा.

कोणी फोटो पाठवून ‘आईचं चित्र काढून द्या’ म्हणालं तर निम्मे पैसे आगाऊ, रेखाटन मंजूर झालं की ते पैसे परत नाहीत, बदल दोनदाच. एक ओळ जरूर घाला: ‘चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.’ १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. मग तुम्हाला त्याचं प्रिंटही काढता येणार नाही. आणि गूगलवर सापडलेल्या दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढून विकू नका, हक्क फोटोग्राफरचा असतो.

विकायला लागलात की भामटेही येतील. भाव न विचारता तीन चित्रं घेतो, लष्करात आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणेल. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली की मगच पार्सल. ‘कॉपीराइटचं उल्लंघन झालंय, या लिंकवर लॉगिन करा’ असा मेसेज इन्स्टाग्रामच्या नावाने आला तर तो अकाउंट चोरायचा डाव आहे. टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) आजच चालू करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

राहिलं ते परत आलेलं चित्र. ठसे उथळ असतील तर त्या जागी त्याच रंगाचे पातळ थर देऊन ते बुजवता येतात. खोल असतील तर नवं म्हणून विकू नका, जवळचा फोटो टाकून ‘प्रवासात ठसे उमटलेलं’ असं लिहून कमी किमतीला ठेवा. पण त्याआधी पुण्याच्या गिऱ्हाइकाला मेसेज करा. त्यांनी एकदा खिशातून पैसे काढलेत, म्हणजे पाचशे लाइक करणाऱ्यांपेक्षा ते जवळचे आहेत. चूक कशामुळे झाली ते दोन ओळींत सांगा, नव्या पॅकिंगचा व्हिडिओ पाठवा आणि तोच विषय पुन्हा रंगवून त्याच किमतीत पाठवू का, ते विचारा. पार्सल मात्र पहिला पाऊस पडून हवा निवली की टाका.